सस्पेन्शन

बँकेत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाने घरात काही शब्द मोठ्याने उच्चारू नयेत. 'ऑडिट', 'ट्रान्सफर', 'कॅश शॉर्ट' आणि 'सस्पेन्शन' हे त्यांतले प्रमुख. पहिल्या तिघांचे परिणाम मी लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच पाहून घेतले होते. चौथ्याचा अनुभव गेल्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच्या एका शनिवारी संध्याकाळी आला.

मी गाडी पोर्चमध्ये लावली, चपला काढल्या आणि खुर्चीत बसता बसता म्हणालो, "शेवटी निघालंच. सस्पेन्शन आहे."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आई देवघरातून अर्धी वात हातात घेऊन बाहेर आली.

"कधीपासून?" बाबांनी विचारलं.

"दोन महिने तरी झाले असतील. मीच कोणाला बोललो नाही."

"दोन महिने!" सौ. दारात येऊन म्हणाली. "अहो, मग रोज डबा घेऊन तुम्ही जात होता कुठे?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. मी आपला प्रामाणिकपणे म्हणालो, "आज गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणतो, अठ्ठावीस हजार लागतील."

"गॅरेजवाल्याले कायले पैसे द्यायचे?" बाबा उठून उभे राहिले. "अन् युनियन काय करून राहिली तुमची?"

गैरसमज दूर व्हायला पाच मिनिटं लागली. सस्पेंड मी झालो नसून गाडीचं सस्पेन्शन खराब झालं आहे, हे कळल्यावर घरात जो आनंद झाला, तो माझ्या प्रमोशनच्या वेळीही झाला नव्हता. आईने देवापुढे साखर ठेवली. सौ. पुन्हा पोळ्या लाटू लागली. गाडीचं काय, हे कोणीही विचारलं नाही.

वाचकहो, माझी तक्रार इथूनच सुरू होते. कारकून सस्पेंड झाला तर त्याला निदान निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी होते, आरोपपत्र हातात पडतं. गाडीच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. ती पुढच्या डाव्या चाकातून दोन महिने 'खट-खट' करून अर्ज करत होती, आणि त्या अर्जावर कोणी साधी पोचसुद्धा दिली नव्हती. (गाडी कोणत्या कंपनीची, ते मी सांगणार नाही. खातेदाराचं नाव बाहेर फोडायचं नाही, ही आमच्या धंद्यातली सवय आहे.)

आवाज करणाऱ्या गाडीबद्दल मध्यमवर्गात तीन संप्रदाय आहेत. या तिन्ही संप्रदायांविरुद्ध मला आज जाहीरपणे बोलायचं आहे.

पहिला रेडिओ संप्रदाय. आमचे हेड कॅशियर या पंथाचे. त्यांना मी आवाजाबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सोपं आहे. गाणी थोडी मोठ्याने लावायची." त्यांच्या स्वतःच्या गाडीतून सीताबर्डी ते मानेवाडा एवढ्या मोठ्याने गाणी वाजतात, की त्यांची गाडी नक्कीच फार आजारी असली पाहिजे.

दुसरा वेदान्ती संप्रदाय. आमच्या शेजारचे निवृत्त प्राध्यापक त्याचे आचार्य. "अहो, गाडी म्हटली की वाजायचीच. माणसाचे गुडघे नाही वाजत?" त्यांचे गुडघे वाजतात हे खरं आहे. पण ते गुडघे घेऊन ताशी ८० किलोमीटरने वर्धा रोडवर कोणी जात नाही.

तिसरा संप्रदाय सर्वांत महागडा. 'सगळंच बदलून टाका' हा त्याचा मंत्र. मी गाडी दाखवायला नेली त्या गॅरेजातल्या इसमाने बोनेटही न उघडता, एक चक्करसुद्धा न मारता, नुसतं गाडीकडे दुःखाने पाहत म्हटलं, "सर, पूरा सस्पेन्शन निकालना पडेगा." आणि कागदावर यादी लिहिली. दोन शॉकअब्सॉर्बर, दोन माउंटिंग, दोन लोअर आर्म, दोन लिंक रॉड, टाय रॉड एंड, अलाइनमेंट. एकूण अठ्ठावीस हजार.

"पण आवाज नेमका कशातून येतो आहे?" मी विचारलं.

"सब बदल देंगे ना सर, तो कहाँ से आएगा?"

या युक्तिवादाला उत्तर नाही. पेशंटलाच बदलला तर ताप राहीलच कसा? पण मी कॉमर्सचा माणूस. अठ्ठावीस हजारांचं कर्ज मागायला माणूस आमच्याकडे आला, तर आम्ही त्याच्या आधार कार्डापासून जामीनदारापर्यंत सगळी वंशावळ काढतो. इथे मात्र व्हाउचर नाही, तपास नाही, नुसत्या उसाशावर रक्कम पास करायची! सगळे मेकॅनिक असे असतात असं मी म्हणत नाही. नुसत्या कानाने दोष सांगणारे उस्ताद याच नागपुरात झाडाखाली बसलेले मी पाहिले आहेत. माझं भांडण मेकॅनिकशी नाही, न ऐकण्याशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, चौथा संप्रदाय राहिला, तो म्हणजे रस्त्यांना शिव्या देणाऱ्यांचा. राहिला नाही. मीच त्याचा आजीव सभासद आहे. आमच्या नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले. त्यांच्या सांध्यांवरून टायर 'टक-टक-टक' असा ठेका धरतात, आणि सिमेंट जिथे संपून गट्टू सुरू होतात तिथे गाडी पायरी उतरावी तशी उतरते. गतिरोधकांची तर कथाच वेगळी. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरने त्यावरून सुखाने जाते. आमच्या गल्लीतला गतिरोधक एका रात्रीत कोणीतरी उरलेल्या सिमेंटचा केला आहे. रुंदी एक वीत, उंची मात्र भरपूर. तो गती रोखत नाही, कंबर मोडतो. पण रस्त्याला शिव्या देण्यात एक सोय आहे, ती ओळखली पाहिजे. रस्ता महापालिकेचा म्हटलं की गाडी आपली आहे हे विसरता येतं.

असो. त्या रात्री जेवताना बाबांनी पहिल्यांदाच विचारलं, "आवाज कसा येते?"

"कसा म्हणजे? येतो."

"कसा येते? खट्? खट्-खट्? धप्? का चूं-चूं?"

"तेवढं काही मी लक्ष दिलं नाही."

बाबांनी घास खाली ठेवला. "दोन महिने ऐकून राहिला अन् कसा येते ते माहीत नाही?"

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. नॅरोगेजच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांवरच्या गाड्यांची दुरुस्ती तिथे व्हायची. २००८ साली ते निवृत्त झाले. पुढे २०१९ मध्ये नागपूर-नागभीड नॅरोगेजही बंद झाली, आणि ज्या चाकांच्या आवाजावरून बाबांना आजार कळत असे ती चाकं बघायला आता मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात जावं लागतं. बाबा नातवाला तिथे दोनदा घेऊन गेले. दुसऱ्या खेपेला चिरंजीव म्हणाले, "आबा, सगळं तेच तर आहे." त्यानंतर ते गेले नाहीत.

मी बी.कॉम. व्हावं ही बाबांचीच इच्छा. "माझे हात काळे झाले, तुझे होऊ नये," असं ते म्हणायचे. मीही आज्ञाधारक. हात इतके पांढरे ठेवले, की सहा वर्षांपूर्वी गाडी घेतली त्या दिवशी बाबा कौतुकाने बोनेट उघडायला गेले, तेव्हा मी म्हणालो, "बाबा, तुम्ही नका हात लावू. हल्लीच्या गाड्या कॉम्प्युटरवर चालतात."

बाबांनी बोनेट हळूच बंद केलं होतं. त्यानंतर सहा वर्षांत त्यांनी गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी त्या खटखटीसारखंच तेही ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी सात वाजता बाबा बनियनवर पोर्चमध्ये हजर. हातात त्यांची जुनी पत्र्याची पेटी. आत पाने, रिंग पाने, गोटी पाने, एक पहार आणि ग्रीसचा वास. सतरा वर्षं ती पेटी पलंगाखाली होती.

"पयले डिकी खाली कर," ते म्हणाले.

हा उपाय इतका सोपा आहे, की तो कोणीच करत नाही. आमच्या डिकीतून स्टेपनी, सैल पडलेला जॅक, टॉमी, संत्र्यांची रिकामी पेटी, दोन क्रिकेटच्या बॅटी, एक हरवलेली म्हणून तीन महिने शोधलेली पितळी परात आणि सौ.च्या भावाचं हेल्मेट निघालं. गल्लीत चक्कर मारली. आवाजाचा तिसरा हिस्सा गेला. परात मिळाल्यामुळे सौ.चा या मोहिमेला पाठिंबा मिळाला.

मग बाबा डाव्या सीटवर बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "भिंतीच्या बाजूने घे. हळू." बाजूला भिंत असली की चाकाचा आवाज तिच्यावर आपटून कानाशी येतो. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावरून नेली. फारसं काही नाही. मग एकच डावं चाक उंचवट्यावर चढवलं. खट-खट!

"समजलं?" बाबा म्हणाले.

मला काहीच समजलं नव्हतं. घरी येऊन बाबांनी वर्तमानपत्राच्या समासात चित्र काढून दाखवलं. पुढची दोन चाकं एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात. गाडी वळणावर एका बाजूला फार कलू नये म्हणून ही योजना. एक चाक वर गेलं, की दांडा दुसऱ्यालाही ओढतो. दोन्ही चाकं सारखीच वर गेली तर दांड्याला काही काम नसतं. म्हणजे एकत्र कुटुंबच म्हणा. सगळे मिळून खड्ड्यात गेले तर शांतता, एकटाच वर गेला की खटका! हा दांडा चाकाच्या बाजूला ज्या छोट्या सळईने बांधतात तिला लिंक रॉड म्हणतात. बऱ्याच गॅरेजांत तिला जंपिंग रॉड म्हणतात, आणि ते नाव अधिक बोलकं आहे. तिच्या टोकांच्या गोळ्या झिजल्या की एका चाकाच्या उसळीला ती खटखटते.

"मग तेवढी बदलू," मी म्हणालो.

"पाहिल्याशिवाय?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला त्या गॅरेजवाल्याच्या जागी उभं असल्यासारखं वाटलं.

आमची तपासणी मग रीतसर सुरू झाली. मडगार्डवर भार देऊन गाडीचा कोपरा खाली दाबला आणि सोडला. गाडी एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली. पाळण्यासारखी हलत राहिली असती तर शॉकअब्सॉर्बर गेला असं समजायचं. ही परीक्षा ढोबळ आहे, अगदी नापास विद्यार्थीच तिच्यात सापडतात, म्हणून शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर तेल ओघळलं आहे का तेही पाहिलं. कोरडं ठणठणीत. यादीतली दोन मोठी नावं गळाली. मग मी उभ्या गाडीत स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवलं आणि बाबांनी स्प्रिंगवर हात ठेवला. स्प्रिंग अडकून 'टंग' करून सुटली असती, तर वरचं माउंटिंग खराब. सुटली नाही. आणखी दोन नावं गळाली. (ही स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच खांबात बसवायची युक्ती अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस काढली. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या बाजूने त्याच खांबांवर उभ्या आहेत.)

मी उत्साहाने स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणली. "बुशांवर थोडं सोडतो. आवाज असेल तर जाईल."

"ठेव ते. तेलानं रबर फुगते, सडते. चूं-चूं वाजत असन तर साधं पाणी मार. पाण्यानं आवाज घडीभर बंद झाला, तर चोर तोच बुश. मंग तो बदलायचा. औषध अन् चोर पकडणं, दोन कामं वेगळे आहेत."

जॅकवर गाडी चढवण्यापूर्वी बाबांनी मला जे सुनावलं, ते प्रत्येक गाडीवाल्याने देवघराच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. जमीन सपाट हवी. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. आणि गाडीखाली लोखंडी घोडी लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालायचा नाही. मी विटा आणायला निघालो, तर बाबा ओरडले, "वीट फुटते! जॅक उचलायसाठी असते, धरून ठेवायसाठी नसते." घोड्या कोपऱ्यावरच्या झाडाखालच्या उस्तादांकडून मागून आणल्या. त्याही दोन. कारण एकच बाजू उचलली तर तो आडवा दांडा पिळलेला राहतो, लिंक रॉड ताणात राहते आणि तिचा सैलपणा लपतो. दोन्ही बाजू उचलल्या, चाक काढलं, आणि बाबांनी लिंक रॉड मुठीत धरून हलवली. ती खुळखुळ्यासारखी वाजली.

"चोर सापडला!" मी म्हणालो, आणि हात झटकले.

"थांब," बाबा म्हणाले. "चाक लाव परत."

इथे मला आमच्या शाखेतली जुनी गोष्ट आठवते. मी नोकरीला लागलो तेव्हा संध्याकाळी हिशेब जुळवताना तेरा पैशांचा फरक निघाला. मी खिशातून चार आणे काढून म्हटलं, "साहेब, हे घ्या आणि घरी जाऊ." साहेबांनी मला रात्री साडेनऊपर्यंत बसवलं. फरक छोटा असतो, म्हणून चूक छोटी असेलच असं नाही. दोन मोठ्या चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात आणि वर तेरा पैसे उरतात. तशी रक्कम सस्पेन्स खात्यात ढकलून घरी जाणारा कारकून आणि रेडिओ मोठा करणारा ड्रायव्हर हे एकाच आईचे लेक.

बाबांनी चाक बसवून ते वर-खाली, घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरलं आणि हलवलं. बारीकसं काहीतरी सरकलं. आवाज जवळजवळ नाहीच. तीन आणि नऊवर धरून हलवलं, काही नाही. म्हणजे टाय रॉड एंड सुटला. पण बारा-सहा?

"सूनबाई, ब्रेक दाबून धर."

सौ. पिठाच्या हातांनी आत जाऊन बसली. बाबांनी पुन्हा हलवलं. बेरिंगचा सैलपणा असता तर ब्रेक दाबल्यावर तो थांबला असता. थांबला नाही. बाबांनी पहार आत घालून खालच्या आर्मला हलकासा जोर दिला, आणि मला म्हणाले, "वाक. पाय."

मी वाकून पाहिलं. लोअर आर्मच्या टोकाला चाकाला धरून ठेवणारा बॉल जॉइंट असतो. त्यावरची रबरी टोपी फाटली होती. ग्रीस केव्हाच वाहून गेलं होतं, आत पावसाचं पाणी आणि गंज. पहारीसरशी गोळी खोबणीत वर-खाली होत होती.

"हा निसटला तर?" मी विचारलं.

"चाक आडवं होते."

बाबा एवढंच म्हणाले. आठ दिवसांनी, श्रावणात, याच गाडीतून आई-बाबांना आणि पोराला घेऊन आम्ही यवतमाळमार्गे माहूरला जाणार होतो. घाटाच्या वळणांवर.

आता त्या गॅरेजवाल्याची बाजूही मांडली पाहिजे. लोअर आर्म त्याच्या यादीत होता! पण त्याच्या यादीत काय नव्हतं? मोहल्ल्यात चोरी झाल्यावर ज्या हवालदाराने सगळ्या मोहल्ल्याचीच नावं लिहून घेतली, त्याने चोर पकडला असं कोणी म्हणेल का? आणि रेडिओवाल्यांनी हे लक्षात घ्यावं, की आमचा जो भाग ओरडत होता तो फारसा धोक्याचा नव्हता. जो जीव घेणार होता तो जवळजवळ गप्प होता. ओरडणाऱ्याच्या मागे गेलो नसतो, तर गप्प असलेला सापडला नसता.

लिंक रॉडची जोडी आम्ही घरीच बदलली. आदल्या रात्री गंज सुटायचं तेल बाबांनी नटांना मारूनच ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. नट फिरवताना आतला खिळाही सोबत फिरतो, त्याला मागून दुसऱ्या पान्याने धरावं लागतं. माझ्या बोटांची दोन ठिकाणी साल निघाली. लोअर आर्म मात्र बाबांनी घरी सोडायला साफ नकार दिला. बॉल जॉइंट सोडवायला वेगळं हत्यार लागतं, म्हणून गाडी पायी चालवावी तशी कोपऱ्यावरच्या उस्तादांकडे नेली आणि बाबा शेजारी स्टूल टाकून बसले. आर्मचे बोल्ट शेवटचे कसायचे ते गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना, नाहीतर रबरी बुश पिळलेला राहून लवकर फाटतो, यावर दोघांचं एकमत झालं तेव्हा त्यांनी एकमेकांकडे जे पाहिलं, तसं आमच्या बँकेत कोणी कोणाकडे पाहत नाही. आणि स्प्रिंग? "स्प्रिंगले घरी कधीच हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "ती दाबून ठेवलेला राग असते."

हिशेब असा. लिंक रॉडची जोडी १,२४० रुपये. लोअर आर्म २,३००. मजुरी ७००. अलाइनमेंट ४००. उस्ताद, बाबा आणि मी यांचे तर्री-पोहे ८०. एकूण ४,७२०. अठ्ठावीस हजारांतून वजा जाता शिल्लक २३,२८०. ताळेबंद जुळला.

सोमवारी मी बँकेत गेलो तेव्हा नखांत काळं होतं. तीनदा साबण लावूनही गेलं नव्हतं. हेड कॅशियर म्हणाले, "अहो, हे काय? तुमच्यासारख्या माणसाला शोभतं का?"

हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. आपल्याकडे चेकवर सही करणारा हात शोभतो, नट फिरवणारा शोभत नाही. वर्तमानपत्राच्या अग्रलेखावर तासभर वाद घालणारा माणूस सुशिक्षित, आणि आपण रोज ज्यावर जीव टाकतो त्या चार चाकांना काय धरून ठेवतं हे माहीत असणारा 'फिटर'. आपण 'जुगाड' म्हणून ज्याचं कौतुक करतो तेसुद्धा याच तुच्छतेचं पोर आहे. सैल सांध्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबून आवाज बंद करणं ही हुशारी नव्हे, तो रेडिओचाच भाऊ. वेळ नाही ही सबब मला सांगू नका. दोन महिने रोज त्या आवाजाबद्दल कुरकुरायला माझ्याकडे वेळ होता. सगळ्यांनी गाडीखाली झोपावं असं मी म्हणत नाही. निदान आवाज कुठून येतो, कधी येतो, कसा येतो एवढं ऐकावं आणि मग पाकीट उघडावं. पूर्वी रेल्वेत चाकावर हातोडी मारून कान देत. अखंड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. आमचे जुने कॅशियरही रुपया आपटून पाहत. ऐकणं हे काम आहे, आणि ते पांढऱ्या हातांनाही जमतं.

हेड कॅशियरना यातलं मी काहीच बोललो नाही. फक्त म्हणालो, "संध्याकाळी तुमच्या गाडीतून येतो. रेडिओ बंद ठेवा."

श्रावणात आम्ही माहूरला गेलो. घाटातून गाडी अशी गेली, की पोरगं झोपलं. बाबा पुढे डाव्या सीटवर, काच खाली, डोळे मिटलेले. सगळं इतकं शांत होतं, की मला त्यांची थोडी काळजी वाटू लागली. इतक्यात त्यांनी डोळे उघडले. चेहरा एकदम उजळला.

"मागून काहीतरी वाजून राहिलं," ते म्हणाले.

ती डिकीतली पितळी परात होती, हे मला माहीत होतं. आईनेच नैवेद्यासाठी घेतली होती. पण मी काही बोललो नाही. गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "बघा बरं बाबा, काय आहे ते."